चार शब्दांची ओळ

नटीने दुसऱ्या अंकातलं आईचं भाषण वाचायला घेतलं, आणि ज्या बाईने ते लिहिलं होतं तिच्या छातीत तिसऱ्या ओळीलाच धस्स झालं. तालमीच्या हॉलमध्ये दोन लांब टेबलं जोडून सगळे बसले होते, दिग्दर्शक, पाच नट, प्रॉम्प्टर. चहाचे कप संहितेवर ठेवू नका, असं प्रॉम्प्टर तिसऱ्यांदा सांगत होता आणि तिसऱ्यांदा कुणी ऐकत नव्हतं. नटी चांगली दणकट बांध्याची. लिफ्ट सोडून दोन जिने एका दमात चढून येते आणि वर आल्यावर हसते. अशी बाई वाचत होती : ‘मी दार उघडलं नाही.’ थांबली. ‘कारण बाहेर कोण आहे’. थांबली. ‘ते मला माहीत होतं.’ थांबली. ‘आणि तुलाही.’ प्रत्येक थांब्यावर ती खांदे किंचित उचलून वरच्यावर हवा घेत होती, पोहरा तळाला टेकल्यावर जेवढं पाणी येईल तेवढीच. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या नाटककार बाईने तो श्वास ओळखला. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की माणूस म्हणतो, छे, हा मी नव्हे. इथे उलटं झालं. आवाज दुसरीचा होता आणि श्वास तिचा होता. पायाखालची वाळू सरकली असं म्हणायचीही सोय नव्हती. गेली सव्वीस वर्षं तिचे पाय जमिनीला टेकले नव्हते.

या मंडळीत एक नियम होता, दिग्दर्शकाने पहिल्या नाटकापासून घालून दिलेला. कागदावर नवी ओळ सुरू झाली की नटाने थांबायचं. नाटककार ओळ उगाच मोडत नाही, तो म्हणायचा, मोडली असेल तिथे काहीतरी आहे, ते शोधा. आणि नट इमानेइतबारे शोधायचे. पण ओळी तिने मोडल्याच नव्हत्या. उजवा हात गेल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, ती नुसती बोलत होती आणि समोर तिची वहिनी, तीस वर्षं कोर्टात लघुलेखक असलेली, लिहून घेत होती. आता एवढ्या थोर नियमाच्या आड वहिनीने काय करून ठेवलंय, ही दम घ्यायला थांबली तिथे ओळ तोडलीय, हे तिला त्या टेबलापाशी एका क्षणात दिसलं, आणि दिसल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे श्वास रोखून धरला, चोरी सापडल्यासारखा. तो फार वेळ रोखता आला नाही. “बाई,” दिग्दर्शक म्हणाला, डोळे पाणावले होते त्याचे, खोटं नाही, “मागच्या नाटकात तुमची ओळ सात शब्दांची होती. आता चारावर आणलीत. काय छाटलंय हो! नुसतं हाड ठेवलंय.” नटी म्हणाली, “वाचताना माझाच जीव घाबरा होतो बाई. असं वाटतं, पुढची ओळ येईल की नाही.” प्रॉम्प्टरसुद्धा मान हलवत होता, आणि प्रॉम्प्टरने मान हलवली म्हणजे त्या मंडळीत झालंच सगळं. तिने फक्त “हं” म्हटलं. लोकांना तो विनय वाटला. तिच्याजवळ तेवढंच होतं.

लोकांना काय, काहीही वाटतं. पहिल्या नाटकाच्या वेळी, ती चोवीस वर्षांची होती आणि अजून काठीवर चालत होती, तेव्हा वर्तमानपत्रात आलं होतं की अपंग असूनही लेखिका जीवनाकडे हसतमुखाने पाहते. नाटक एका खुनाबद्दल होतं. पुढे नाटकं चालत गेली आणि ती चालेनाशी झाली; बक्षीस घ्यायला मंचावर पाच पायऱ्या, तेव्हा बक्षीसच खाली आणलं गेलं, आणि खाली आणणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो मोठा छापला. नाट्यगृहात तिला पुढच्या दाराने जाता यायचं नाही. मागे सामान चढवायचा उतार असतो, तिथून नेपथ्याच्या भिंती, सोफे, खोटी झाडं आत जायची आणि त्यांच्यामागून ती. कामगार ओरडायचे, “बाई आल्या, सेट लागला!” या थट्टेवर तिचा जीव होता, कारण तिथे कुणी तिच्याकडे हसतमुखाने पाहत नव्हतं. आजार हळू होता. स्नायू विरत जाण्याचा आजार. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा धावत येत नाही, घरातल्या हट्टी भाडेकरूसारखा एकेक खोली बळकावतो. पाय घेतले, तिने लिहिलं. डावा हात घेतला, तिने लिहिलं. उजवा घेतला तेव्हा ती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, आणि नवव्या दिवशी वहिनी पेन्सिल घेऊन समोर बसली, “हं, बोल ठमे. उगीच मोठ्या लेखिकेचा आव आणू नकोस. कोर्टात मी चोरांचंसुद्धा लिहून घेतलंय.” अकरा नाटकांपैकी पाच त्या पेन्सिलीतून उतरली होती. दर वेळी एक खोली गेली की ती मनाशी म्हणायची, असू दे, लिहायची खोली शाबूत आहे. आता हॉलमधून घरी येताना, गाडीच्या मागच्या भागात पट्ट्यांनी आवळून बसलेली असताना, तिच्या लक्षात आलं की भाडेकरू त्या खोलीत केव्हाचा राहतोय. वर लोक तिला घर किती छान सजवलंत म्हणून शाबासकी देतायत.

दुपारी वहिनी आडवी झाल्यावर तिने सोबतीला येणाऱ्या बाईकडून कपाटातली जुनी हस्तलिखितं काढवून घेतली. छापील पुस्तकं नकोत, वहिनीच्या अक्षरातली. ती बाई एकेक पान डोळ्यांसमोर धरायची आणि ही मनात मोजायची. लघुलिपीत टिपून नंतर वहिनी ते सुवाच्य उतरून काढत असे, आणि वहिनीच्या अक्षराला कोर्टात मान होता. पहिलं सांगून लिहिलेलं नाटक : ओळ चौदा-पंधरा शब्दांची, समासाला भिडलेली, कुठे कुठे तर खाली वळून परत सुरू. दुसरं : बारा. तिसरं, ज्याच्यावर एका मासिकाने ‘आटोपशीर’ असा शब्द वापरला : नऊ. चौथं, ज्याला बक्षीस : सात. आणि हे, ज्याचे दोनच अंक झालेत : चार. मधूनच तीन. एका पानावर तर एका ओळीत एकच शब्द होता, ‘आणि’, आणि तिला ती दुपार आठवली. काय लिहीत होतो ते आठवेना. आठवला तो ‘आणि’नंतरचा खड्डा, छातीत मागे कुठेतरी हवा अडकल्यासारखी, वहिनीची पेन्सिल वर थांबलेली, आणि वहिनीने खिडकीकडे पाहणं. खोकला आला असेल असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. सकाळी उठताना डोकं दुखायचं, ते उशीमुळे. मग उशी दुसरी, मग तिसरी, आता ती जवळजवळ बसूनच झोपत होती, आणि ते पाठीसाठी बरं असतं असं तीच सगळ्यांना सांगत होती. फुफ्फुसांच्या डॉक्टरांकडे फुंकायची तपासणी सहा-सहा महिन्यांनी करायची असं ठरलं होतं. दोन वर्षं झाली, नाटक संपू दे मग जाऊ, असं ती म्हणत आली होती. मुलाखतीत एकाने विचारलं होतं, तुमची भाषा इतकी कमी कशी झाली, तेव्हा तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की वय झालं की माणसाला शब्दांचा कंटाळा येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते वाक्य बोलताना ती दोनदा थांबली होती, आणि मुलाखतकाराने छापताना तिथे तीन-तीन टिंबं टाकली होती. विचारपूर्वक बोलतात, असं वर लिहून.

भीती म्हणजे काय हे तिला माहीत होतं, निदान तसा तिचा समज होता. तिने तीन नाटकांत माणसं घाबरवून मारली होती. पण ती भीती बाहेरून येणारी, दार वाजवणारी. ही आत होती आणि दर चार शब्दांनी येत होती. आता ती मोजू लागली तसं थांबवेना. श्वास घेतला, एक. सोडला. आपोआप होणाऱ्या गोष्टीकडे एकदा लक्ष गेलं की ती आपोआप होत नाही. जिभेकडे लक्ष गेलं की ती तोंडात कुठे ठेवावी कळत नाही, तसं. तिला वाटलं, आपण मोजायचं विसरलो तर छाती थांबेल. आणि त्याच्या खाली, आणखी आत, दुसरी भीती होती आणि तिची तिला लाज वाटत होती. आईचं भाषण चांगलं झालं होतं. तिने जन्मात लिहिलेल्या सगळ्यांत चांगलं. ते जर थांब्यांमुळे चांगलं असेल, तर ते लिहिलं कुणी?

वहिनी उठून केस बांधत आली आणि कपाट उघडं, पलंगभर कागद पाहून दारातच थांबली. तिला सांगावं लागलं नाही. सोबतीच्या बाईला तिने चहा टाकायला पाठवलं आणि कागद क्रमाने लावायला घेतले. “तुम्हाला माहीत होतं,” ही म्हणाली. “जिथे मी थांबले तिथे तुम्ही ओळ तोडलीत.” “साक्षीदार थांबला की नवी ओळ,” वहिनी म्हणाली. “तीस वर्षांची सवय. जसं आलं तसं लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.” “मी साक्षीदार नाही वहिनी.” “बरं.” “बारा वर्षं तुम्ही बघताय. आणि मूग गिळून बसलात.” वहिनीने कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, मग पुन्हा सारख्या केल्या. “तुझ्या भावाला मी विचारलं होतं, तेव्हाच सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली. “जेवताना हात छातीवर ठेवायचा, तर म्हटलं, अहो दुखतंय का? नाही म्हणाला. आठ दिवसांत गेला. त्याआधी महिनाभर हात ठेवत होता, काही झालं नाही. मी विचारलं आणि झालं.” “काहीतरीच काय.” “असेल काहीतरीच. शिकलेली आहे मी, मला कळतं. पण तुला विचारायला तोंड उघडलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. म्हटलं, लिहून ठेवते. कधीतरी हीच वाचेल.” मग पदराने डोळे न पुसता, तशीच, रागाने म्हणाली, “तूही कुठे विचारलंस? तुझी छाती तुझ्यापाशी होती ना?” नणंद-भावजय दोघी त्या कागदांच्या दोन बाजूंना बसून राहिल्या, आणि चहा आला तो दोघींनीही घेतला नाही.

रात्र तिने उजाडायची वाट पाहत काढली आणि सकाळी वहिनीला सांगितलं, आईचं भाषण पुन्हा उतरून काढा, ओळी जोडून. जशा मी बोलले असते तशा. वहिनीने तसं केलं. चार पानांचं भाषण सव्वा पानात बसलं. ती स्वतः डोळ्यांनी ते वाचत गेली आणि तिला बरं वाटलं, लांब ओळी समासापर्यंत जाताना पाहून, जुन्या घराच्या व्हरांड्यात आल्यासारखं. हे माझं, तिला वाटलं. दोन दिवसांनी तालमीला तिने ते नटीच्या हातात दिलं. उतारा बदललाय, असं वाचा, एवढंच म्हणाली. नटीने आपल्या दणकट छातीत हवा भरून घेतली आणि सबंध वाक्य एका दमात म्हटलं : ‘मी दार उघडलं नाही कारण बाहेर कोण आहे ते मला माहीत होतं आणि तुलाही.’ छान म्हटलं. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे नव्हता. आणि एक कटकटी म्हातारी मुलाची तक्रार शेजारणीला सांगत होती. कुणीही घाबरलं नाही. नटी शेवटपर्यंत गेली, मग तिने पान उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का. दिग्दर्शकाने चष्मा काढला, पुसला. “बाई, हेही... म्हणजे याच्यातही आहे काहीतरी,” तो म्हणाला. प्रॉम्प्टरने मान हलवली नाही. तो तिच्याकडे बघत होता. त्याने चाळीस वर्षं विंगेत उभं राहून नटांचे श्वास ऐकलेले होते, कुणाची ओळ कधी सुटणार हे त्याला आधी कळायचं, आणि तिला वाटलं, याला आता कळलं. तो हळूच म्हणाला, “बाई, पंखा कमी करू का? की वाढवू?” ती म्हणाली, “जुनंच ठेवा. तेच बरं होतं.” सगळ्यांचे चेहरे उजळले. त्या उजळलेल्या चेहऱ्यांकडे पाहून तिला जेवढी भीती वाटली तेवढी कपाटापाशीही वाटली नव्हती.

कारण आता हिशेब सरळ होता. तिसरा अंक राहिला होता. डॉक्टरांकडे जायचं नाही, तर तिसरा अंक तीन शब्दांच्या ओळीत येईल, कदाचित दोन, आणि तो अंक लोक वर्षानुवर्षं विसरणार नाहीत. फक्त तो संपेल की आधी ती, हे सांगता येणार नाही. जायचं, तर ते काहीतरी लावतील, हवा देतील, आणि भाषण कटकटी होईल. असा विचार करणारी बाई वेडी म्हणावी, पण नाटकवाल्यांना हे कळेल. प्रयोग चालू असताना आगीच्या वासाकडे दुर्लक्ष केलेले नट असतात. आठ दिवस तिने तो विचार केला. सांगायला बसली तर वहिनीची पेन्सिल हलायची आणि दोघींनाही ओळी ऐकू यायच्या. चौथ्या दिवशी वहिनी पेन्सिल घेऊन बसली आणि दहा मिनिटांनी उठून गेली. “माझा हात दुखतो,” म्हणाली. तिचा हात कधी दुखला नव्हता. आठव्या दिवशी सकाळी उठल्यावर ठमीला आपण कुठे आहोत ते बराच वेळ आठवेना, आणि समोर खुर्चीत बसलेली वहिनी कोण हे तर त्याहून उशिरा आठवलं. वहिनी बाहेर जायची साडी नेसून बसली होती. “तू शिव्या दे,” ती म्हणाली, “पण मी गाडी बोलावलीय.”

फुंकायच्या यंत्रावर एक तरतरीत तंत्रज्ञ बाई होती. “ताई, मोठ्ठा श्वास घ्या, घ्या, घ्या, आणि सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा, अजून आहे!” अजून नव्हता. तीनदा केलं. दोन वर्षांपूर्वी फुफ्फुसांची क्षमता अडुसष्ट टक्के होती, आता छत्तीस. डॉक्टर आकडा पाहून कागदावरूनच म्हणाले, “हे केव्हाच यायला हवं होतं. काय काम करता आपण?” “लिहिते.” “मग ठीक. बोलायचं काम नाही ते बरं.” झोपताना रोज मास्क लावायचा, डॉक्टर म्हणाले, दिवसाही काही तास. किती वर्षं यावर भागेल ते बघू, पुढे गळ्याला नळी करावी लागेल, तेव्हा आवाजाचं काय ते तेव्हा बोलू. आज अर्धा तास लावून पाहा. तंत्रज्ञ बाईने नाकातोंडावर मास्क चढवून पट्टे आवळले आणि यंत्र चालू केलं. हवा आत घुसली. न विचारता, कुणी परका हात तोंडात घालावा तशी, आणि ती इतकी घाबरली की तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला हवा बाहेर सोडावी लागते आणि यंत्र तर आत ढकलत होतं. डोळे गरगरा फिरवले. वहिनीने तिचा निकामी हात घट्ट धरला. “भांडू नका मशीनशी ताई,” तंत्रज्ञ बाई म्हणाली, “ती देतेय ते घ्या.” ती भांडली. मग दमली. आणि दमल्यावर, कधी ते कळलं नाही, बरगड्या उघडल्या. फार वर्षं बंद पडलेल्या, कुठेतरी पाठीमागच्या, आणि हवा तिथपर्यंत गेली. तिथे अशी जागा आहे हे ती विसरूनच गेली होती. डोक्यातला सकाळचा ठणका, जो आता दिवसभर असायचा, थांबला. खोली स्पष्ट झाली. वहिनीच्या कानाशी पांढऱ्या केसांची बट होती, ती इतकी पांढरी कधी झाली?

अर्ध्या तासाने मास्क काढला. “कसं वाटतंय?” तंत्रज्ञ बाईने विचारलं. तिने वहिनीकडे पाहिलं आणि बोलायला लागली, आणि चार शब्द झाले, पाच झाले, वाक्य पुढे जातच राहिलं. “वहिनी, मला फार भीती वाटते, गेले आठ दिवस नाही, सव्वीस वर्षं वाटतेय आणि मला मरायचं नाहीये आणि तिसरा अंक कसा येईल मला माहीत नाही, बहुतेक वाईटच येईल, पण भाऊ तुम्ही विचारल्यामुळे गेला नाही हो, हे तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं, चार वर्षं झाली, तेव्हा म्हटलं, एवढं बोलायला दम लागेल, मग सांगू.” मग दम संपला. किती तरी गोष्टी तिने अशा सांगायच्या ठेवल्या होत्या. वाक्यातून काय काय छाटलं गेलं ते तिला आता दिसलं, आणि त्यातलं बरंचसं नाटकातलं नव्हतं. वहिनी रडत होती, कोर्टात कधी रडली नसेल अशी, तोंड उघडं टाकून. तंत्रज्ञ बाई संकोचून पट्ट्याचं बक्कल पुसत राहिली. “ताई, इतकं एकदम बोलायचं नाही,” ती म्हणाली. “आज पुरे करू या का? पहिल्याच दिवशी सगळे घाबरतात.”

नुकतं बोललेलं वाक्य तिच्या कानात होतं. लांबलचक होतं, सैल होतं, मध्ये दोनदा ‘आणि’ आला होता, नटीने म्हटलं असतं तर मागच्या रांगेत लोक चुळबुळले असते. छातीच्या तळाशी हवा पुन्हा बसत चालली होती, ठणका कानशिलाशी येऊन उभा होता. तिचे हात उचलत नव्हते, म्हणून तिने हनुवटी वर केली, त्या प्लास्टिकच्या तोंडाकडे, जितकी जाईल तितकी.

“लावा परत,” ती म्हणाली.